इन्क्रेडिबॉक्स आणि स्प्रंकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पात्रं ओढून गाणं तयार करायच्या या खेळांबद्दल मुलं, पालक, शिक्षक आणि स्वतःचा मॉड (मूळ खेळावरून चाहत्यानं केलेली वेगळी आवृत्ती) बनवू पाहणारे तेच तेच प्रश्न पाठवत असतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी नव्यांसाठी, मधले अडचणींचे आणि शेवटचे स्वतःचे लूप बनवणाऱ्यांसाठी आहेत.

१. हा खेळ आहे तरी काय? यात जिंकायचं काय असतं?

जिंकायचं काहीच नाही. स्क्रीनवर सात पात्रं उभी असतात आणि खाली वीस आयकॉन असतात. आयकॉन ओढून पात्रावर सोडला की ते पात्र एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवू किंवा गाऊ लागतं. हा तुकडा म्हणजे लूप. एकावर एक लूप चढवत गेलं की गाणं तयार होतं. सगळे लूप आधीच एका लयीत आणि एका पट्टीत बसवलेले असतात, त्यामुळे बेसूर होणं जवळजवळ अशक्य. कंटाळवाणं होणं मात्र सहज शक्य आहे (प्रश्न ६).

२. इन्क्रेडिबॉक्स आणि स्प्रंकी एकच का?

नाही. इन्क्रेडिबॉक्स हा मूळ खेळ. फ्रान्समधल्या लिऑं शहरातल्या सो फार सो गुड या स्टुडिओनं तो २००९ मध्ये काढला. त्याच्या नऊ मुख्य आवृत्त्या क्रमानं अशा: अल्फा, लिटल मिस, सनराइज, द लव्ह, ब्राझील, अलाइव्ह, जीवन, डिस्टोपिया आणि वीकिडी. यातली ‘जीवन’ भारतीय संगीताच्या ढंगावर बेतलेली आहे. आपल्याकडच्या मुलांना तिथून सुरुवात करून दिली तर कान लवकर बसतो.

स्प्रंकी हा २०२४ मध्ये एका चाहत्यानं त्याच कल्पनेवर केलेला मॉड आहे. मूळ स्टुडिओचा त्याच्याशी संबंध नाही. इन्क्रेडिबॉक्समध्ये एकाच चेहऱ्याची सात पोरं असतात आणि आयकॉन टाकल्यावर त्यांचा वेश बदलतो. स्प्रंकीत प्रत्येक आयकॉन म्हणजे वेगळं, नाव असलेलं पात्र: ओरेन, रॅडी, ग्रे, सायमन, वेंडा, पिंकी वगैरे. मुलांचा जीव त्या पात्रांवर असतो, आणि त्यांच्या गोष्टी रचायला त्यांना फार आवडतं. आणखी एक मोठा फरक आहे. स्प्रंकीत भीतीदायक भाग आहे, मूळ खेळात तसला रक्तपात नाही (प्रश्न १३).

३. फुकट खेळता येतो का?

इन्क्रेडिबॉक्सच्या अधिकृत संकेतस्थळावर ब्राउझरमध्ये चालणारा मोफत भाग आहे. सगळ्या आवृत्त्या हव्या असतील तर फोनचं ॲप किंवा कॉम्प्युटरसाठी स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातली प्रत विकत घ्यावी लागते. ॲपमध्ये जाहिराती नाहीत आणि एकदा उतरवून घेतल्यावर खेळायला नेट लागत नाही. गावी जाताना एसटीत मुलांना गुंतवायचं असेल तर हाच पर्याय कामाचा.

स्प्रंकी आणि त्याची शेकडो भावंडं ब्राउझरमध्ये फुकट मिळतात. पण ‘फुकट’चा खर्च जाहिरातींतून वसूल होतो (प्रश्न १४).

४. पहिल्यांदा खेळतोय. काय आधी टाकू?

आयकॉनचे चार गट असतात: बीट्स, इफेक्ट्स, मेलडी आणि व्हॉइस. नंतरच्या आवृत्त्यांत आणि स्प्रंकीत प्रत्येक गटात पाच, म्हणजे एकूण वीस. गट साधारणपणे याच क्रमानं डावीकडून उजवीकडे मांडलेले असतात.

एक बीट टाका आणि दोन फेऱ्या नुसतं ऐका. मग एक मेलडी टाका, पुन्हा दोन फेऱ्या ऐका. त्यावर दुसरी बीट किंवा एखादा इफेक्ट चढवा. व्हॉइस सगळ्यात शेवटी. आवाज आला की कान बाकी सगळं सोडून त्याच्याकडेच जातो, म्हणून आधी खालची बैठक पक्की झालेली बरी.

पात्रावर क्लिक केलं किंवा बोट टेकवलं की मूळ खेळात तीन गोष्टी करता येतात: त्याला गप्प करणं, बाकीच्यांना गप्प करून त्याला एकट्याला ऐकणं आणि त्याला काढून टाकणं. ‘एकट्याला ऐकणं’ हे बटण नवखे वापरतच नाहीत. कुठला तुकडा कोणाचा आहे हे ओळखायला त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

५. पात्र ठेवलं तरी ते लगेच गात नाही. नेट हळू आहे का?

नेटचा यात काही दोष नाही. पात्र समेची, म्हणजे फेरीच्या पहिल्या ठोक्याची, वाट बघत असतं.

पहिलं पात्र ठेवताच एक फेरी, म्हणजे आवर्तन, सुरू होतं. त्यानंतर ठेवलेलं प्रत्येक पात्र पुढच्या फेरीच्या सुरुवातीलाच सुरात येतं. तोवर ते नुसतं उभं राहतं, आणि काही आवृत्त्यांत त्याच्याजवळ भरत जाणारं वर्तुळ दिसतं. तुम्ही आयकॉन कोणत्याही क्षणी सोडा, खेळ तो समेवरच बसवतो. म्हणूनच चार वर्षांच्या मुलानं कसंही टाकलं तरी ताल चुकत नाही.

याचे दोन उपयोग लक्षात ठेवा. एकाच फेरीत दोन-तीन पात्रं ठेवली तर ती सगळी पुढच्या समेवर एकदम उठतात. गाण्यात अचानक भर आणायची असेल तर हेच करतात. आणि एखादा आयकॉन चुकून सोडला असेल तर पुढची फेरी लागायच्या आत तो काढून घ्या, कुणाला कळणारही नाही.

एक फेरी किती सेकंदांची, हे लयीवर ठरतं. मिनिटाला १२० बीट्स धरल्या तर १६ बीट्सची फेरी ८ सेकंदांची होते, १०० धरल्या तर ९.६ सेकंदांची. त्यामुळे दहा-बारा सेकंद थांबूनही पात्र गप्पच असेल तरच अडचण समजा आणि प्रश्न ९ बघा.

६. सातही पात्रं उभी केली की नुसता गोंगाट होतो. चुकतंय कुठे?

सातही उभी केलीत, तिथेच.

ऐकणाऱ्याचा कान एका वेळी दोन-तीन हालचाली नीट पकडतो. चार-पाच लूप बहुतेक वेळा पुरेसे होतात. दोन व्हॉइस एकाच उंचीच्या पट्टीत असतील तर त्या एकमेकींना झाकतात, शब्द कळत नाहीत आणि सूरही. दोन मेलडी एकदम चालतात, पण त्यातली एक संथ, लांब सुरांची असावी आणि दुसरी तुटक. दोन्ही तुटक असतील तर खडखडाट होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे काढणं. नवखा खेळाडू फक्त भर घालतो. ज्यांचे मिक्स ऐकावेसे वाटतात ते काढतातही: चार फेऱ्या बीट चालू द्यायची, मग बीट गप्प करून एक फेरी फक्त व्हॉइस आणि मेलडी ठेवायची, आणि पुढच्या समेवर बीट परत आणायची. बीट परत येते त्या क्षणी गाणं उठतं. आयकॉन तेच, फक्त एक फेरी मोकळी सोडली. यासाठी पात्र काढून पुन्हा ठेवू नका, गप्प करायचं बटण वापरा. गप्प केलेलं पात्र लूपमधली आपली जागा सोडत नाही.

७. एकच पात्र दोनदा ठेवता येतं का?

मूळ खेळात आणि स्प्रंकीत नाही. वापरलेला आयकॉन खालच्या पट्टीत फिका पडतो. तसं करता आलं असतं तरी उपयोग नव्हता: तोच लूप त्याच समेवर दोनदा वाजला तर फक्त आवाज मोठा होतो.

८. इन्क्रेडिबॉक्समधले बोनस कसे उघडायचे? नशिबावर असतं का?

मुळीच नाही. प्रत्येक आवृत्तीत तीन बोनस असतात, आणि प्रत्येक बोनसला ठरावीक पाच आयकॉन एकाच वेळी उभे असावे लागतात. ते जमले की कोरससारखा एक भाग ॲनिमेशनसह सुरू होतो आणि तो गाण्यात वापरता येतो.

डोळे मिटून शोधायला बसाल तर वीसातून पाच निवडायचे १५,५०४ प्रकार होतात. त्यापेक्षा ही पद्धत वापरा.

बोनसच्या चिन्हांजवळ ठिपके दिसतात. बरोबर आयकॉन उभा असला की त्या बोनसचा ठिपका उजळतो. कागदावर वीस ओळी आखा. एकेक आयकॉन एकटाच ठेवा, कुठल्या बोनसचा ठिपका उजळला ते लिहा, काढा, पुढचा ठेवा. वीस आयकॉन संपले की तिन्ही बोनसच्या याद्या तुमच्या हातात असतात. एखादा आयकॉन एकाहून जास्त बोनसमध्ये असू शकतो, म्हणून एक ठिपका दिसला की लगेच पुढे जाऊ नका, तिन्हीकडे बघा.

जागा सात आणि लागतात पाच. जास्तीचे दोन आयकॉन उभे असले तरी बोनस अडत नाही.

जाता जाता: सात किंवा त्याहून कमी पात्रांची एकूण किती वेगवेगळी मिश्रणं होतात, असं मुलं विचारतात. पात्र कोणत्या जागेवर आहे याचा आवाजाशी संबंध नाही असं धरलं तर उत्तर १,३७,९७९. दहावी-बारावीच्या मुलांना संयोग शिकवायला हे उदाहरण छान आहे. १ ते ७ पर्यंतची प्रत्येक निवड वेगळी मोजून बेरीज करायला लावा.

९. पात्रं हलतात पण आवाजच येत नाही.

या क्रमानं तपासा, बहुतेकांचं काम पहिल्या तीनातच होतं.

पानावर कुठेतरी एकदा क्लिक करा. २०१८ पासून क्रोमसारखे ब्राउझर वापरणाऱ्यानं पानाला हात लावल्याशिवाय आवाज सुरू करू देत नाहीत.

आयफोन किंवा आयपॅड असेल तर सायलेंट काढा. यूट्यूब सायलेंटवरही वाजतं, पण ब्राउझरमधल्या अशा खेळांचा आवाज त्या बटणानं बंद होतो. ‘व्हॉल्यूम पूर्ण आहे, तरी आवाज नाही’ या तक्रारीमागे बरेचदा हेच असतं.

कॉम्प्युटरवर टॅबच्या नावावर उजवं क्लिक करून ती साइट म्यूट झाली आहे का ते बघा.

मग आवाज नक्की कुठे जातोय ते बघा. शेजारच्या खोलीतला ब्लूटूथ स्पीकर चालू राहिलेला असतो आणि सगळं गाणं तिकडे वाजत असतं.

एवढं करूनही शांतताच असेल तर जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन त्या साइटपुरतं बंद करून पान पुन्हा उघडा. काही मॉड आपल्या आवाजाच्या फाइल दुसऱ्या सर्व्हरवरून आणतात आणि एक्स्टेन्शन त्या अडवतं.

१०. मोबाइलवर बीट अगदी क्षीण ऐकू येते, बाकी सगळं ठीक.

फोनचा छोटा स्पीकर खर्जातला आवाज काढूच शकत नाही. बीटमधला जड ठोका साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि फोनचा स्पीकर त्याच्या बराच वरून सुरू होतो. साधे वायरचे इअरफोन लावा, ठोका परत येईल. फोनच्या स्पीकरवर ऐकून मिक्स बनवला असेल तर इअरफोनवर एकदा तपासाच. ऐकू येत नाही म्हणून तीन-तीन बीट्स चढवलेल्या असतात आणि हेडफोनवर नुसता दणका बसतो.

११. आवाज तुटतो, अडखळतो, करकरतो.

कॉम्प्युटरला वेळेत आवाज पुरवता येत नाही तेव्हा असं होतं. इतर टॅब बंद करा, विशेषतः व्हिडिओचे. लॅपटॉप बॅटरी वाचवण्याच्या मोडवर असेल तर तो काढा किंवा चार्जर लावा. जुन्या फोनवर खेळ एकदा पूर्ण उतरू द्या आणि मगच आयकॉन ओढा. नेट मध्येच गेलं तरी चढलेले लूप बहुधा चालूच राहतात, पान मात्र रिफ्रेश करू नका.

ब्लूटूथ हेडसेट लावला असेल आणि आवाज एकदम बोथट, एका कानाचा वाटत असेल तर माइक वापरणारं काही चालू आहे का ते बघा. मीटिंगचा टॅब उघडा असला की हेडसेट फोनकॉलच्या हलक्या दर्जावर जातो. मीटिंग बंद केली की आवाज पूर्ववत होतो.

ब्लूटूथवर पात्राचं तोंड आणि आवाज पुढेमागे दिसतात, तेही अनेकांना खटकतं. ब्लूटूथ आवाज पोचवायला सेकंदाचा काही भाग जास्त घेतं, एवढंच. सगळे लूप सारखेच उशिरा पोचतात, त्यामुळे गाण्याची लय बिघडत नाही.

१२. आयकॉन ओढताना अख्खं पानच सरकतं.

फोन आडवा धरा आणि खेळाच्या चौकटीतलं पूर्ण स्क्रीनचं बटण दाबा. लॅपटॉपच्या टचपॅडवर दोनदा टॅप करून दुसऱ्या टॅपला बोट तसंच दाबून ठेवा आणि सरकवा. नाहीच जमलं तर साधा माउस लावा. लहान मुलांना टचपॅडपेक्षा माउस किंवा टॅबलेट फार सोपा पडतो.

१३. मुलगी स्प्रंकी खेळताना अचानक घाबरून रडायला लागली. स्क्रीनवर रक्त होतं. व्हायरस आहे का?

व्हायरस नाही, तो त्या मॉडचाच भाग आहे. स्प्रंकीच्या वीस आयकॉनमध्ये शेवटचा ब्लॅक नावाचा आहे, काळी टोपीवाला. तो कोणत्याही पात्रावर सोडला की सगळा देखावा पालटतो. आभाळ काळवंडतं, हसरी पात्रं जखमी किंवा मेलेली दिसू लागतात आणि लूपही विकृत होतात. तो काढून किंवा खेळ पहिल्यापासून सुरू करून नेहमीचा देखावा परत येतो.

लहान मुलांसाठी नियम सोपा आहे: शेवटच्या काळ्या आयकॉनला हात लावायचा नाही. पण तेवढ्यावर विसंबू नका. ‘फेज ३’, ‘फेज ४’ अशा नावांचे मॉड सुरुवातीपासूनच भयानक असू शकतात, आणि बाहेरचं चित्र मात्र तेच गोड पात्रांचं. कुठलाही नवा मॉड आधी स्वतः पाच मिनिटं उघडून, वीसही आयकॉन टाकून बघा. तेवढा वेळ नसेल तर सात-आठ वर्षांखालच्या मुलांना मूळ इन्क्रेडिबॉक्सचं ॲपच द्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

दहा-बारा वर्षांच्या मुलांचं वेगळं. त्यांना तो भाग माहीत असतो, मित्रांत त्याचीच चर्चा असते. सरसकट बंदीपेक्षा त्यांच्याबरोबर बसून बघितलेलं बरं.

१४. साइटवर खेळण्याआधी ‘डाउनलोड’ आणि ‘अलाऊ’ दाबायला सांगतात. दाबू का?

नाही. ब्राउझरच्या खेळाला डाउनलोड लागत नाही आणि सूचना पाठवायची परवानगीही लागत नाही. हिरवं ठळक ‘डाउनलोड’ बटण बहुधा जाहिरात असते. खरं सुरू करायचं बटण खेळाच्या चौकटीच्या आत असतं. फ्लॅश प्लेअर घालायला सांगणारी साइट तर ताबडतोब बंद करा: ॲडोबीनं फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपवला, त्यामुळे आज त्या नावानं मिळणारी फाइल दुसरंच काहीतरी असते.

‘अलाऊ’ दाबून झालं असेल आणि फोनवर लॉटरीच्या सूचना यायला लागल्या असतील तर क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, सूचना या वाटेनं जा आणि ती साइट बंद करा. बाहेरून एपीके, म्हणजे ॲपची फाइल, घातली असेल तर ती काढा आणि प्ले स्टोअरमधून प्ले प्रोटेक्टची तपासणी चालवा. फोनवर बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप असेल तर हे आजच करा.

१५. शाळेच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही.

शाळेचं नेटवर्क ‘गेम्स’ गटातल्या साइट अडवतं. ‘अनब्लॉक्ड’ नावाच्या साइट शोधू नका, प्रश्न १४ मधले सगळे प्रकार तिथे हमखास भेटतात. संगीताच्या तासाला वापरायचा असेल तर शिक्षकांनी संगणक विभागाला फक्त मूळ खेळाचा पत्ता मोकळा करायला सांगावा.

१६. बनवलेलं गाणं व्हॉट्सॲप स्टेटसला कसं लावू?

इन्क्रेडिबॉक्समध्ये रेकॉर्डचं बटण आहे. रेकॉर्ड करून सेव्ह केलं की दुवा मिळतो. तो उघडणाऱ्याला तुमचा मिक्स ऐकता येतो आणि आवडला तर मतही देता येतं. स्टेटसला मात्र व्हिडिओ लागतो, त्यासाठी स्क्रीन रेकॉर्ड करा. अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या बऱ्याच फोनमध्ये स्क्रीन रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये आवाजासाठी ‘डिव्हाइस’ किंवा ‘इंटर्नल’ असा पर्याय असतो, तोच निवडा. ‘माइक’ निवडलात तर पंखा आणि कुकरच्या शिट्ट्याही गाण्यात येतील. कॉम्प्युटरवर ओबीएस स्टुडिओ मोफत आहे.

रेकॉर्ड सुरू केल्यावर पहिलं पात्र ठेवा, त्याआधी नाही. शेवटी सगळ्यांना एकदम काढू नका. एकेक फेरीला एकेक काढत गेलात तर गाणं आपोआप विरत जातं.

१७. हे गाणं यूट्यूबवर टाकून पैसे मिळवता येतील का? किंवा मंडळाच्या कार्यक्रमात वाजवलं तर?

क्रम तुमचा, आवाज त्यांचे. लूपचे हक्क ते बनवणाऱ्यांकडे असतात, म्हणून कमाईसाठी वापरायचं असेल तर स्टुडिओची परवानगी घ्या. चाहत्यांच्या मॉडचं आणखी किचकट: त्यातले काही आवाज मॉडकर्त्यानंच दुसरीकडून उचललेले असतात, त्यामुळे त्यानं ‘वापरा’ म्हटलं तरी ते देण्याचा हक्क त्याला असेलच असं नाही. जाहीर कार्यक्रमासाठी स्वतः रेकॉर्ड केलेले लूप हा एकच निर्धास्त मार्ग. पुढचे प्रश्न त्याबद्दलच आहेत.

१८. ढोलकी, टाळ, पेटी वापरून मराठी लूपचा मॉड करायचा आहे. कुठून सुरुवात करू?

आधी तीन गोष्टी ठरवा आणि नंतर कधीही बदलू नका: लय, फेरीची लांबी आणि पट्टी. उदाहरणार्थ, मिनिटाला १०० मात्रा, १६ मात्रांची फेरी, पट्टी काळी एक.

१६ मात्रा सोयीच्या, कारण त्यात तीनतालाचं एक आवर्तन बसतं आणि केरवा, भजनी ठेका किंवा धुमाळीची दोन. म्हणजे लावणीची ढोलकी आणि वारकरी टाळ एकाच मॉडमध्ये नांदू शकतात. १०० च्या लयीत ही फेरी ९.६ सेकंदांची होते. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने) ती बरोबर ४,२३,३६० सॅम्पल भरते. सगळ्या वीस फाइल याच लांबीच्या हव्यात, एकही सॅम्पल पुढेमागे नको.

पट्टीचं ढोलकीलाही लागू आहे. शाईची बाजू पेटीच्या सुराला मिळवून घ्या. मेलडीशी न जुळणारी ढोलकी ऐकणाऱ्याला नेमकी चूक सांगता येत नाही, पण काहीतरी खटकत राहतं.

वाजवणाऱ्याच्या कानात मेट्रोनोम इअरफोननं द्या, स्पीकरवर नको, नाहीतर त्याची टिकटिक प्रत्येक लूपमध्ये उतरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक आवर्तन वाजवून थांबू नका. सलग तीन वाजवा आणि मधलं कापून घ्या. ढोलकीच्या धुमेचा, म्हणजे खर्जाच्या बाजूचा, घुमारा शेवटच्या मात्रेनंतरही रेंगाळतो. एकच आवर्तन कापलं तर तो घुमारा शेवटी कापला जातो आणि समेवर पोकळी येते. मधल्या आवर्तनाच्या सुरुवातीला मागच्या आवर्तनाचा घुमारा आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे लूप फिरला की जोड लागतच नाही. टाळांना तर हे हवंच, त्यांचा झंकार धुमेहूनही लांबतो.

१९. लूप फिरताना दर वेळी ‘टक्’ होतं.

दोन कारणं असतात. लहर शून्यावर नसताना कापली असेल तर टक् ऐकू येतं. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या मोफत प्रोग्राममध्ये निवड करून झेड ही कळ दाबली की कडा जवळच्या शून्यावर सरकतात. पण त्यानं लांबी काही सॅम्पलनी बदलू शकते, म्हणून नंतर ती प्रश्न १८ मधल्या आकड्याशी पुन्हा जुळवा. त्यापेक्षा लांबी आहे तशी ठेवून दोन्ही टोकांना दोन-तीन मिलिसेकंदांचा फेड देणं सोपं.

टक् नसून क्षणभर गॅप वाटत असेल तर फाइल एमपी३ असणार. एमपी३ बनवताना सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते, लेम एन्कोडरमध्ये उघडताना लागणारा विलंब धरून सुमारे ११०५ सॅम्पल, म्हणजे जवळपास २५ मिलिसेकंद. गाणं ऐकताना ते कळत नाही, लूपमध्ये दर फेरीला कळतं. डब्ल्यूएव्ही वापरा.

२०. स्क्रॅचमध्ये (ब्लॉक जोडून प्रोग्राम करायच्या मोफत साधनात) मॉड बनवला, पण दोन मिनिटांनी पात्रं एकमेकांपासून सुटतात.

प्रत्येक पात्राला स्वतःचा ‘कायम’ आणि ‘आवाज संपेपर्यंत वाजवा’ असा ब्लॉक दिला असेल. स्क्रॅच सेकंदाला ३० फ्रेम चालवतं, त्यामुळे प्रत्येक फेरीला काही मिलिसेकंदांची चूक होते, आणि प्रत्येक पात्राची चूक वेगळी. ती साठत जाते.

उपाय असा की सम एकाच ठिकाणाहून द्या. मंचावर एक मोजणी ठेवा: टायमर ९.६ गुणिले फेरीचा क्रमांक याच्या पुढे गेला की ‘सम’ नावाचा संदेश प्रसारित करायचा आणि क्रमांक एकनं वाढवायचा. ‘९.६ सेकंद थांबा’ असा ब्लॉक लावू नका, त्यात चूक पुन्हा साठते. गुणाकारात ती साठत नाही. प्रत्येक पात्रानं ‘सम’ मिळाल्यावर, आपल्यावर आयकॉन असेल तरच, आपला लूप पहिल्यापासून सुरू करायचा. थोडीफार चूक झालीच तर सगळ्यांची सारखी होते. नव्या पात्रानं समेसाठी थांबणं (प्रश्न ५) हेही यात आपोआप जमतं.

२१. दादरा किंवा रूपकातला लूप १६ मात्रांच्या मॉडमध्ये घालता येईल का?

जसाच्या तसा नाही. दादऱ्याच्या ६ आणि फेरीच्या १६ मात्रा ४८ व्या मात्रेला एकत्र येतात. पण खेळ १६ व्याच मात्रेला सगळ्यांना समेवर आणतो, त्यामुळे तिसरा दादरा चौथ्या मात्रेवर तुटतो.

मार्ग दोन. फेरीच ४८ मात्रांची करा. १०० च्या लयीत ती २८.८ सेकंदांची होते, म्हणजे नवं पात्र उभं राहायला अर्धा मिनिट लागू शकतो आणि मुलं कंटाळतात. दुसरा मार्ग आडलयीचा: चार मात्रांच्या वेळात दादऱ्याच्या सहा बसवा. ढोलकी मग १५० च्या लयीत चालते आणि एका फेरीत दादऱ्याची चार आवर्तनं पूर्ण होतात. वाजवणारा तयारीचा लागतो, पण कानाला हे फार गोड लागतं.

रूपकाच्या ७ मात्रांची १६ शी गाठ ११२ व्या मात्रेला पडते. तो नाद सोडा आणि रूपकासाठी १४ मात्रांचा वेगळाच मॉड करा.

२२. दोन टॅबमध्ये दोन वेगळे मॉड लावून एकत्र वाजवता येतात का?

वाजतात, जुळत नाहीत. प्रत्येक टॅबची सम वेगळी असते, लय आणि पट्टीही बहुतेक वेगळ्याच. शिवाय मागे राहिलेल्या टॅबचं काम ब्राउझर मुद्दाम मंद करतो, त्यामुळे सुरुवातीला जुळवून घेतलेलंही सुटू शकतं. दोन्ही मिक्स वेगवेगळे रेकॉर्ड करून ऑडॅसिटीत दोन ट्रॅकवर ठेवा, एकाचा टेम्पो दुसऱ्याला जुळवा आणि मग हवं तिथे सरकवा. टेम्पो पाच-सात टक्क्यांपेक्षा जास्त ओढावा लागत असेल तर आवाज फाटतो, अशी जोडी सोडून दिलेली बरी.